उशिरा आलेल्या फुटबॉलपटूने जायचं कुठे?

विशी ओलांडलेला मुलगा 'मला व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचंय' असं म्हणाला, की त्याच्याभोवती दोन तट पडतात. एक तट लगेच जेमी वार्डीचं नाव घेतो. कारखान्यात राबणारा पोरगा इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकतो, मग आपल्या पोराने का जिंकू नये? दुसरा तट म्हणतो, हा सहाव्या-सातव्या वर्षी सुरू करायचा खेळ आहे, वेळ निघून गेली, आता परीक्षेचं बघ आणि नोकरीला लाग. हा वाद मी मैदानाच्या कठड्यावर ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, मुलाच्या आईवडिलांसमोर अगदी हमरीतुमरीवर येऊन चाललेलाही ऐकलाय. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघीही मुलाच्या वयाभोवतीच फिरत राहतात. त्याने पुढचा सामना कुठे खेळायचा, तो कोण बघणार, दुखापत झाली तर खर्च कोण करणार, हे कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. उशिरा प्रयत्न करणं हा वेडेपणा नाही. वयामुळे बंद होणारी दारं असतात, पण ती मोजकी. बाकीची आपण कधी बांधलीच नाहीत, आणि दोष मात्र मुलाच्या जन्मतारखेला देतो.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. उशिरा येणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्याने अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत चेंडू गंभीरपणे खेळलाच नाही, टीव्हीवर सामने बघून ज्याच्या मनात इच्छा जागी झाली. दुसरा, जो लहानपणापासून रोज खेळतोय, गल्लीत, शाळेत, जिल्ह्याच्या लीगमध्ये, पण ज्याला कोणी पाहिलंच नाही. पहिल्याला मी खोटी आशा लावणार नाही. चेंडू पायावर घेण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते टिपणं, कमजोर पायानेही पास देता येणं, दबावाखाली चेंडू अंगाजवळ ठेवणं या गोष्टी आठव्या ते चौदाव्या वर्षांत हजारो तास खेळून अंगात मुरतात. विसाव्या वर्षी धाव वाढवता येते, ताकद वाढवता येते, पण ही नजर नव्याने कमावणं जवळपास अशक्य आहे. त्याने हौशी फुटबॉल मनसोक्त खेळावा, पण उपजीविका त्यावर टांगू नये. माझा सगळा युक्तिवाद दुसऱ्या मुलासाठी आहे. आपल्याकडे असे मुलगे ढिगाने आहेत, आणि आपण त्यांना पहिल्याच्याच रांगेत उभं करून घरी पाठवतो.

वार्डीचंच उदाहरण घ्या. तो उशिरा खेळायला लागला नव्हता. शेफिल्ड वेन्सडेच्या अकादमीत तो होता आणि सोळाव्या वर्षी, अंगाने लहान म्हणून, त्याला सोडून देण्यात आलं. पुढे तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या छोट्या क्लबाकडून खेळला. आठवड्याला ३० पौंड मिळायचे आणि दिवसा तो वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुड, आणि २०१२ मध्ये पंचविसाव्या वर्षी दहा लाख पौंडांना लेस्टर सिटी. २०१५ मध्ये त्याने सलग ११ लीग सामन्यांत गोल केले आणि तो हंगाम लेस्टरने जिंकला. आपल्याकडे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण इंग्लंडच्या लीगच्या उतरंडीत सातव्या-आठव्या स्तरावरही दर आठवड्याला, ठरलेल्या तारखेला, रेफरीसह सामना व्हायचा. तिथे थोडे का होईना पैसे मिळायचे. वरच्या क्लबाचा माणूस गवतात पाय रोवून तो सामना बघायला यायचा, आणि तिथे गोल करणाऱ्याला एक पायरी वर घेणारा क्लब जवळच्याच गावात असायचा. ही सोय काढून घेतली असती तर वार्डीच्या जिद्दीचं काय झालं असतं?

मिरोस्लाव्ह क्लोझे सुतारकाम शिकलेला होता आणि विसाव्या वर्षापर्यंत जर्मनीच्या सातव्या स्तरावर, ब्लाउबाख-डिडेलकोफ या गावच्या संघात खेळत होता. २००२ ते २०१४ या चार विश्वचषकांत त्याने १६ गोल केले, विश्वचषकाच्या इतिहासात तेव्हा सर्वाधिक. इयन राइट जवळपास बावीस वर्षांचा असताना क्रिस्टल पॅलेसने त्याला घेतलं. तोवर तो बांधकामावर मजुरी करायचा आणि ग्रिनिच बरोकडून खेळायचा. एन्गोलो कांटे एकोणिसाव्या वर्षापर्यंत पॅरिसला लागून असलेल्या सुरेनच्या हौशी क्लबात होता. मोठ्या अकादम्यांना तो बुटका वाटला. पुढे बुलोन्यच्या राखीव संघात जाऊनही त्याने हिशेबनिसाचा अभ्यासक्रम सोडला नाही, आणि २०१८ मध्ये तो फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला. या चौघांचे स्वभाव वेगळे, खेळायच्या जागा वेगळ्या. पण चौघांच्याही पायाखाली एक जिवंत लीग होती.

आता कोल्हापूरला या. कोल्हापूरला आपण फुटबॉलपंढरी म्हणतो ते उगाच नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा संघांच्या नावावर पेठा वाटल्या गेल्यात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारपासून गर्दी लोटते, आणि चुकीच्या पासवर ओरडणाऱ्या आजोबांना तो पास का चुकला हेही कळतं. इथला मुलगा सहाव्या वर्षापासून अरुंद गल्लीत, भिंतीचा उपयोग करत, मोठ्या पोरांच्या पायांतून चेंडू काढत वाढतो. विशीत तो तालमीच्या सिनिअर संघातून खेळतो, सकाळी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करतो आणि सामन्याच्या दिवशी सुटी मागताना साहेबाचं तोंड बघतो. याला फुटबॉल शिकायला उशीर झालाय असं कोण म्हणेल? त्याचं फुटबॉलचं शिक्षण पुरं झालंय. कमी आहे ती पुढची पायरी. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण तो लहान वयातच घर सोडून अकादमीत गेला होता. जो चौदाव्या वर्षी निवडीच्या दिवशी तापाने फणफणला होता, किंवा ज्याची उंची सतराव्या वर्षी वाढली, त्याच्यासाठी पेठेच्या संघानंतर काय आहे?

निवड चाचणी म्हणजे काय असते हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. पुण्यात एका क्लबाची खुली चाचणी मी कठड्याला टेकून पाहिली. पत्र्याच्या शेडखाली टेबल, त्यावर अर्जांचा गठ्ठा. पहिला प्रश्न जन्मसालाचा. सालाप्रमाणे रांगा लावल्या आणि सगळ्यांत थोरल्यांची रांग शेवटी ठेवली. तिची पाळी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि निवड करणाऱ्यांपैकी एक जण फोनवर होता. एका मुलाच्या बुटाचा तळ सुटला होता, तो त्याने काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळला होता. अर्जावर त्याने मधल्या फळीतला खेळाडू म्हणून लिहिलं होतं, पण जागा भरायची म्हणून त्याला उजव्या बाजूला बचावात उभं केलं. जेमतेम पंधरा मिनिटांचा खेळ. चेंडू त्याच्याकडे तीन-चारदा आला, प्रत्येक वेळी त्याने एका स्पर्शात योग्य माणसाला दिला. शिट्टी वाजली, 'कळवू' म्हणाले. पंधरा मिनिटांत धाव दिसते, उंची दिसते, लाथेचा जोर दिसतो. बाकी काय दिसतं? वार्डीला शोधायला कोणीतरी हंगामभर मैदानावर जात होतं. आपण एका दुपारी माणूस पारखतो आणि मग म्हणतो, या वयात कोणी सापडत नाही.

समोरच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत, आणि ते हलके आहेत असं भासवणारे वार्डीभक्त मुलांचं नुकसान करतात. पहिला मुद्दा पैशाचा आणि वर्षांचा. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं तशीही पस्तिशीच्या आसपास संपतात. बावीसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हातात दहा-बारा वर्षं उरतात, त्यातली पहिली तीन-चार तुटपुंज्या मानधनावर जाणार. दुसरा मुद्दा शरीराचा. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर शस्त्रक्रिया आणि सहा-नऊ महिने घरी, ते मध्यमवर्गीय घरालाही जड जातं, पाळीवर काम करणाऱ्याची तर नोकरीच जाते. तिसरा मुद्दा जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी ऐकू येतात हा. वार्डीबरोबर आठव्या स्तरावर खेळलेले शेकडो जण आठव्या स्तरावरच राहिले. चौथा मुद्दा आपल्याकडचा आणि सगळ्यांत कडू. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशाच्या सर्वोच्च लीगमधल्यांची ही गत, तर खालून येणाऱ्याला कुठल्या तोंडाने ये म्हणायचं?

मी हे चारही मान्य करतो. पण त्यातून 'वेळ निघून गेली' हा निष्कर्ष निघत नाही. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. लीग स्थगित झाली तेव्हा ती बावीसाव्या वर्षी आलेल्यासाठीच स्थगित झाली का? आठव्या वर्षी अकादमीत गेलेल्या, शाळेवर पाणी सोडलेल्या मुलालाही तिने तितक्याच निराधार अवस्थेत टाकलं. उलट ज्याच्या हाती डिप्लोमा आहे, पाळी आहे, तो सावरला असेल. भारतीय फुटबॉल बेभरवशाचं आहे हा लवकर सगळं पणाला लावण्याविरुद्धचा युक्तिवाद आहे. उशिरा, हातात दुसरं काही ठेवून खेळण्याविरुद्धचा नाही.

जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी ऐकू येतात हेही दोन्ही बाजूंना लागू आहे. इंग्लंडच्या क्लबांत मुलं नऊ वर्षांखालच्या गटापासून नोंदवली जातात आणि त्यांतली बहुसंख्य कधीच व्यावसायिक करारापर्यंत पोचत नाहीत. तरी 'लहानपणी अकादमीत घाला' हा सल्ला आपण खात्रीचा म्हणून देतो. नऊ वर्षांच्या मुलाने घेतलेली जोखीम त्याला कळतही नसते. एकवीस वर्षांच्या माणसाला ती पुरती कळते. मग जास्त काळजी कोणाची वाटायला हवी?

वर्षांचा हिशोबही आपण सगळ्यांना सारखा लावत नाही. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलांकडे बघा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. जागा काहीशे, बसणारे लाखांत. चोविसाव्या वर्षी पहिला प्रयत्न करणाऱ्याला, अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा बसणाऱ्याला आपण चिकाटीचा म्हणतो, गावाकडून दरमहा पैसे पाठवतो. त्या मुलांबद्दल मला पूर्ण आदर आहे. मी इतकंच विचारतो, की अतिशय कमी शक्यतेवर चार वर्षं घालवणं एका ठिकाणी तपश्चर्या आणि दुसऱ्या ठिकाणी खुळ का? समाजाला एका ठिकाणी वाट ओळखीची वाटते, दुसऱ्या ठिकाणी वाटच दिसत नाही, याखेरीज मला तरी कारण सापडत नाही.

राहिला शरीराचा मुद्दा. शरीर सगळ्यांचं एकाच वेळी पिकत नाही, आणि निवडीची सगळी पद्धत लवकर पिकलेल्यांच्या बाजूने झुकलेली आहे. वयोगट ज्या महिन्यात सुरू होतो त्या महिन्यात किंवा त्यानंतर लगेच जन्मलेली मुलं निवडक संघांत भरमसाट आढळतात, हे अनेक देशांत, अनेक खेळांत पुन्हा पुन्हा दिसून आलंय. इंग्लंडमध्ये ती सप्टेंबर ते डिसेंबरमधली असतात, जिथे गट जानेवारीपासून मोजतात तिथे वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली. बारा-तेरा वर्षांच्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे काही इंच उंची आणि बरंच बळ. प्रशिक्षकाला ते गुण वाटतात. सोळाव्या वर्षी वार्डी लहान होता, कांटेला बुटका म्हणून नाकारलं, आणि पुढे दोघांच्या शरीराने प्रीमियर लीगमध्ये कोणाकोणाला दमवलं ते जगाने पाहिलं. गोलकीपर आणि मधले बचावपटू तर बहुतेक पंचविशीनंतरच खरे तयार होतात. मुंबईच्या राहुल भेकेचंच बघा. मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हेडरने त्याने बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्यानंतर, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा भारताकडून खेळला. तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये उशिरा आला नव्हता, पण त्याची खरी ओळख उशिरा पटली. तोवर तो टिकला, कारण खेळायला क्लब होते.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? मुंबईत एके काळी नेमकी हीच व्यवस्था होती. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकात कुपरेज मैदानावर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र यांचे संघ उतरायचे. वीस-बावीस वर्षांचा चांगला खेळणारा मुलगा मुंबईच्या हार्वुड लीगमध्ये दिसला की ऑफिस त्याला नोकरी द्यायचं. सकाळी सराव, दुपारी टेबल, महिन्याला पगार, गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. त्याला कोणी उशिरा आलेला म्हणत नव्हतं, कारण त्या वयात येणं हीच रीत होती. मग ऑफिसांनी संघ एकामागून एक बंद केले. महिंद्र युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, तोही २०१० मध्ये बंद झाला. फुटबॉल 'व्यावसायिक' झाला, करार वर्षा-दोन वर्षांचे झाले, आणि मधली पायरी मोडली. नवी बांधलीच नाही.

क्रिकेटने आपली पायरी राखली म्हणून प्रवीण तांबे घडला. प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेला हा मुंबईचा लेगस्पिनर २०१३ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएल खेळला आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक घेतली. लेगस्पिन आणि फुटबॉल यांत पायांचा फरक आहे, चाळिशीत कोणी विंगवर धावणार नाही, हे मला कळतं. पण तांबे वीस वर्षं कुठे जिवंत राहिला? कांगा लीगमध्ये, ऑफिसांच्या स्पर्धांत, पावसाळी मैदानांवर. तिथे बोलवायला कोणी होतं आणि बघायलाही कोणी होतं.

उशिराला गुन्हा ठरवल्याची किंमत आपण आणखी एका ठिकाणी मोजतो, आणि त्याबद्दल मला सर्वाधिक राग आहे. वयचोरी. वयोगट ओलांडला की दार बंद, हे कळलेला बाप जन्मदाखल्यावर दोन वर्षं कमी करून आणतो. मग मनगटाच्या हाडांच्या चाचण्या, तक्रारी, बंदी. २०१८ मध्ये इंडियन सुपर लीगमधला सर्वांत लहान गोल करणारा म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्या खेळाडूवर काही आठवड्यांतच वयाच्या घोटाळ्यापायी सहा महिन्यांची बंदी आली. त्या खेळाडूला शिव्या देणं सोपं आहे. पण खरं वय सांगून त्याला कुठलं दार उघडलं असतं, हे विचारल्याशिवाय हा रोग जाणार नाही.

हीच कोंडी स्वप्न विकणाऱ्यांचं भांडवल आहे. युरोपात चाचणी देतो, क्लबाशी बोलणं झालंय, विमानाचे आणि राहण्याचे अमुक लाख भरा. शेत गहाण ठेवून असे पैसे भरलेली घरं मला माहीत आहेत. मुलगा जातो, कुठल्या तरी भाड्याच्या मैदानावर दोन आठवडे पळतो, चित्रफीत घेऊन परत येतो. इंग्लंडमध्ये खेळायचं तर परदेशी खेळाडूला राष्ट्रीय संघातले सामने आणि आधीच्या लीगचा दर्जा यांवर गुण मिळवावे लागतात. जिल्हा लीगमधून थेट तिथे जाण्याचा रस्ताच नाही. ज्या क्लबाला खेळाडू हवा असतो तो खेळाडूकडून पैसे घेत नाही. हे एक वाक्य प्रत्येक तालमीच्या फळ्यावर लिहून ठेवायला हवं.

तेव्हा एकवीस वर्षांच्या मुलाला मी काय सांगतो? शिक्षण किंवा काम सोडू नकोस. तीन हंगाम ठरव, आणि प्रत्येक हंगामात एक पायरी वर गेलास का ते बघ: जिल्ह्यातून मुंबईच्या किंवा गोव्याच्या लीगमध्ये, तिथून राष्ट्रीय पातळीच्या खालच्या विभागात. एकाच पायरीवर तीन हंगाम गेले तर हौस म्हणून खेळ, सोबत प्रशिक्षकाचं डी लायसन्स कर, रेफरीची परीक्षा दे. आईवडिलांना हा हिशोब कागदावर दाखव. त्यांची भीती खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे.

पण मुलाला सांगून झालं की काम संपलं असं मानणारा हा लेख नाही. २०१७ मध्ये विश्वचषकाच्या निमित्ताने राज्याने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावायचा घाट घातला. त्यांतली बरीच मुलं आज विशीत आलीत. त्यांच्यासाठी राज्य संघटनेने जिल्ह्यांच्या विजेत्या सिनिअर संघांची एक राज्य लीग चालवावी, वयाची अट न घालता, दरवर्षी त्याच महिन्यांत. सामने चित्रित करून सगळ्या क्लबांना बघायला खुले ठेवावेत, म्हणजे पंधरा मिनिटांच्या चाचणीवर कोणाचं नशीब ठरणार नाही. रेल्वे, पोलीस, बँका, एमआयडीसीतले कारखाने यांना संघ उभे करायला सवलत द्यावी. आणि या सगळ्याच्या आधी, येत्या हंगामापासूनच, जिल्हा संघटनेकडे नोंदलेल्या प्रत्येक खेळाडूचा अपघात आणि शस्त्रक्रियेचा विमा नोंदणी शुल्कातच उतरवावा. त्याला नवं स्टेडियम लागत नाही, परदेशी प्रशिक्षक लागत नाही, कार्यकारिणीच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो.